तिकीट मनिलापर्यंतच

मला आजही कुणी विचारलं की बँकॉक ते मनिला विमानाला किती वेळ लागतो, तर मी न बघता सांगते: सव्वातीन तास, थोडं इकडेतिकडे. अंतर बावीसशे किलोमीटरच्या आसपास, त्यातलं निम्मं तरी समुद्रावरचं. यातलं एकही शहर मी पाहिलेलं नाही, पुढे कधी बघेन असंही वाटत नाही. पण या दोन शहरांमधल्या अंतरापायी बहारीनमधली माझी पहिली नोकरी गेली. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. उलट कुणी हळहळायला लागलं की मला राग येतो.

मी वसईची. दादा बहारीनला एका हॉटेलात कामाला होता, त्याने मला सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडे बोलावून घेतलं. उम्म अल हस्सम भागात त्याचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. तो, वहिनी आणि मी. वहिनी हॉस्पिटलात नर्स होती. मला टायपिंग येत होतं, इंग्रजी बरं होतं, म्हणून राजधानीत, मनामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत चिकटले आणि वर्षभरात तिकिटं लिहायला शिकले. तेव्हा तिकीट हाताने लिहायचं. लाल कार्बनचं पुस्तक असायचं, एका टप्प्याला एक पान. पेन दाबून लिहावं लागे, नाहीतर शेवटच्या पानावर अक्षर उमटायचं नाही. माझं अक्षर शेवटच्या पानावरही स्वच्छ उमटायचं. ऑफिसात त्याचं कौतुक होतं.

ऑफिसात आम्ही तिघं. मॅनेजर मुंबईचा, आमच्यासारखाच कॅथलिक, दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मासला पुढच्या बाकावर बसणारा. कॅशियर रत्नागिरीकडचे, वयाने मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणत. आणि मी. एजन्सीचा मालक बहारीनी होता. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. तो सकाळी दहाच्या सुमाराला यायचा, चहा घ्यायचा, दोन फोन करायचा आणि जायचा. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. त्याच्याखाली गिऱ्हाइकांसाठी लांब बाकडं.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं तेव्हा तेलाचे भाव पडले आणि कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. आमच्याकडे येणारे लोक बदलले. आधी जाऊन-येऊन अशी तिकिटं असायची, आता नुसती जायची. काहीजण तिकीट हातात घेऊन बराच वेळ तसेच उभे राहायचे.

आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत शिवणकामाचा एक कारखाना होता. हॉटेलांचे, हॉस्पिटलांचे युनिफॉर्म तिथे शिवले जायचे. एका कंत्राटदाराने मनिलाहून आणलेल्या बायका तिथे काम करत. त्यातली एक टेलरबाई माझ्या ओळखीची होती. ओळख चर्चमध्ये झाली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, बुटकी, खणखणीत आवाजाची. गायला लागली की तिच्या आवाजात आमच्या बाकाचा आवाज बुडून जायचा. एका नाताळला तिने माझा ड्रेस शिवून दिला. माप घेताना मी पोट आत ओढलं तर तिने हातातल्या टेपने मला फटका मारला होता. "खोटं माप देऊ नको," म्हणाली, "मग जेवायच्या वेळी रडशील." आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं, अधूनमधून कामावर उचललेले अरबी शब्द. तिचं घर मनिलात नव्हतंच. मनिलाला उतरून बसने पुढे दिवसभराचा प्रवास होता. तिथे तिची आई आणि मुलगी होती.

एका गुरुवारी दुपारी कंत्राटदाराचा माणूस आमच्याकडे आला. नेहमीचं गिऱ्हाईक. त्याची शंभरेक माणसं आमच्याकडून जायची-यायची. माझ्या टेबलावर त्याने तीन पासपोर्ट टाकले.

"कारखाना बंद होतोय. या तिघींना पाठवायचंय. एकेरी, बँकॉक."

वरचाच पासपोर्ट टेलरबाईचा होता. फोटोतही ती रागावल्यासारखी दिसत होती.

"बँकॉकहून पुढे मनिला कुठल्या दिवशीचं करू?" मी विचारलं.

"पुढे नको. बँकॉकपर्यंतच. स्वस्त पडतं."

मला वाटलं त्याची चूक झाली. मी म्हटलं, "या फिलिपिन्सच्या आहेत. यांना मनिलाला जायचंय."

तो उठला, नकाशापाशी गेला आणि एक बोट बँकॉकवर ठेवलं. अंगठा मनिलावर टेकला. "बघ. माझ्या हाताएवढंसुद्धा नाही. सगळं तिकडचंच आहे. तिथून यल्ला, चल म्हटलं की जातील त्यांच्या त्या."

"कशा जातील?"

"ते तू कशाला विचारतेस? करारात परतीचं तिकीट लिहिलंय. ते देतोय. शनिवारी सकाळी घेऊन जाईन." आणि तो गेला.

मी पासपोर्ट घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. त्याला सगळं सांगितलं. बँकॉकला त्यांच्याकडे व्हिसा नसेल, पुढचं तिकीट नसेल, विमानतळाच्या बाहेर पडू देणार नाहीत. परत पाठवलं तर इथला व्हिसाही संपलेला.

"मला शिकवू नकोस," तो म्हणाला. "हे सगळं मला माहीत आहे."

तेच मला सहन झालं नाही. कंत्राटदाराच्या माणसाला माहीत नसेल, असं मी अजूनही धरून चालले होते. पण माझा मॅनेजर वीस वर्षं विमानांच्या धंद्यात होता. त्याला कुठून कुठे किती तास, हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

मी म्हटलं, "सर, बँकॉक ते मनिला म्हणजे जवळजवळ बहारीन ते मुंबई. तुम्ही लंडनहून घरी निघालात आणि मी तुम्हाला बहारीनलाच उतरवलं, म्हटलं सगळं तिकडचंच आहे, तर?"

"तर मी तुझ्यासारखीला आधीच विचारलं असतं. त्यांनी विचारलंय का?"

"त्यांना कुणी सांगितलंय का?"

तो सावकाश बोलला, लहान मुलाला समजावल्यासारखा. गिऱ्हाईक जे मागतं ते तिकीट आपण लिहितो. प्रवासी कोण, कुठला, का जातोय, हे आपलं काम नाही. या कंत्राटदारावर ऑफिसचं भाडं निघतं.

"मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"मग मी लिहीन. आणि मग तुझं काय करायचं, तेही बघीन."

बाहेर आले तर चाचा गल्ला बंद करत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पोरी, तुझा बरोबर हाय," ते म्हणाले, "पण जरा दमानं घे गो. तुझ्या दादाला काय सांगशील?"

दादाला मी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मास संपल्यावर चर्चच्या आवारात टेलरबाई दिसली. तिच्या दोघी सोबतिणी बरोबर होत्या. मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल. तिने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग हसली.

"बँकॉक? बँकॉकमध्ये मला कोण ओळखतं?"

मग तिने त्या दोघींना त्यांच्या भाषेत सांगितलं. धाकटी घाबरली, तिने तोंडावर हात ठेवला. टेलरबाई मला म्हणाली, "तुझं ऑफिस किती वाजता उघडतं?"

"आठला."

"आम्ही आठला येतो."

मी म्हटलं, येऊन काय करणार? ती म्हणाली, "बसणार. बसायला मला चांगलं येतं. पाच वर्षं मशीनसमोर बसलेय."

शनिवारी मी पोचले तेव्हा तिघी दाराशीच उभ्या होत्या. चाचांनी कुलूप काढलं, तशा त्या आत आल्या आणि नकाशाखालच्या बाकड्यावर बसल्या. टेलरबाईने पिशवीतून एक परकर काढला आणि खालची शिवण घालायला लागली. मॅनेजर आला, त्याने त्यांना बघितलं, मग मला.

"यांना कुणी बोलावलं?"

मी बोलणार तेवढ्यात टेलरबाईच बोलली. "पासपोर्ट आमचा. तिकीट आमचं. मनिला लिहा, आम्ही जातो. बँकॉक लिहिलं तर इथेच बसतो."

"हे ऑफिस आहे."

"बरोबर. म्हणून चप्पल नीट ठेवली," ती म्हणाली, आणि सुई चालू ठेवली. चाचांना खोकला आला. तो खोकला नव्हता.

मॅनेजरने तिकिटांचं पुस्तक माझ्या टेबलावरून उचललं आणि स्वतःच्या केबिनमध्ये नेलं. पण त्याने लिहायला घेतलं नाही. काचेतून दिसत होतं, पेन हातात धरून तो नुसता बसला होता. त्या बायका त्याच्यासमोर बसलेल्या असताना त्याला ते लिहिता येईना. एवढं त्याच्या बाजूने मी बोलते, जास्त नाही.

नऊच्या सुमाराला एक म्हातारी बहारीनी बाई आली. काळा अबाया, हातात काठी. वर्षातून एकदा मुलाकडे जायची, तिचं तिकीट मीच लिहायचे. बाकड्यावर जागा करून ती टेलरबाईच्या शेजारी बसली. परकराची शिवण बोटाने चाचपून बघितली आणि मान हलवली. मग काय चाललंय म्हणून चाचांना विचारलं. चाचांचं अरबी चांगलं होतं. त्यांनी सांगितलं. तितक्यात कंत्राटदाराचा माणूस आला.

बाकड्यावर तिघींना बघून तो भडकला. "तुम्ही इथे काय करताय? यल्ला, बाहेर!"

कुणी हललं नाही. धाकटीने उठायला घेतलं, टेलरबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग उभी राहून त्याला म्हणाली, कारखान्यात शिकलेल्या अरबीत, "बँकॉक मफी बेत. बेत मनिला." बँकॉक घर नाही, घर मनिला. चर्चमध्ये गायची त्याच आवाजात. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून आत बघायला लागले.

"तू यांना सांगितलंस?" त्याने माझ्याकडे वळून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "तिकीट त्यांच्या नावावर आहे. त्यांना नको का कळायला?"

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, विषय बदलावा म्हणून त्या म्हाताऱ्या बाईला आदराने म्हणाला, तुम्ही या, तुमचं आधी करून देतो. ती जागची हलली नाही. काठीने तिने टेलरबाईकडे दाखवलं. आधी यांचं. मग माझं. तिचं एवढं अरबी मला कळलं. मॅनेजरने पुन्हा विनंती केली, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि काठी दोन्ही पायांमध्ये उभी धरून बसून राहिली. आता बाकड्यावर चौघी होत्या.

अरबाब आला तो या सगळ्यात. दारात उभा राहून त्याने एकेकाकडे बघितलं. म्हाताऱ्या बाईला सलाम केला. ती त्याच्या आईच्या ओळखीतली निघाली. तिने त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण ती थोडक्यात बोलली. त्याने मला विचारलं, "तू लिहायला नाही म्हणालीस?"

"हो."

"का?"

"कारण त्या तिकिटाने त्या घरी पोचत नाहीत."

फोन उचलून त्याने थेट कंत्राटदाराला लावला. बोलणं लांबलं, मधे आवाज चढला. शेवटी तो म्हणाला, "मनिला. खलास," आणि फोन ठेवला. तो काही फार मोठ्या मनाने वागला, असं मी म्हणणार नाही. त्याला बाकडं मोकळं हवं होतं आणि त्या म्हाताऱ्या बाईसमोर लाज नको होती. पण फोन त्याने लावला. मॅनेजरने लावला नव्हता.

तिन्ही तिकिटं मी लिहिली. पहिलं पान बहारीन ते बँकॉक, दुसरं बँकॉक ते मनिला. पेन इतकं दाबलं की दुसऱ्या दिवशी बोट दुखत होतं. टेलरबाई माझ्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. मी तिला दाखवलं, "बँकॉकला उतरलात की हे दुसरं पान. मनिलाच्या विमानाच्या काउंटरशिवाय कुणाला देऊ नका. कुणी मागितलं तरी."

"कुणी मागून तर बघू दे," ती म्हणाली.

त्या गेल्या त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून मुहर्रकच्या विमानतळावर गेले. गळ्यात पडणं वगैरे झालं नाही. रांगेत उभी असताना तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तू बारीक झालीस. ड्रेस सैल होईल." मग आत गेली. पुढे वर्षभराने त्यांच्यातली धाकटी दुसऱ्या व्हिसावर परत आली, ती चर्चमध्ये भेटली. तिघी नीट पोचल्या होत्या. टेलरबाईने गावात स्वतःची मशीन घेतली होती आणि सगळ्या गावाला दरडावत होती.

माझं काय झालं ते सांगते. कंत्राटदाराने आमच्याकडचं सगळं काम काढून दुसऱ्या एजन्सीला दिलं. महिनाअखेरीला मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, अरबाबला मी सांभाळून घेतो, तू फक्त दोन ओळी लिहून दे, की तुझं चुकलं, गिऱ्हाइकाची माहिती बाहेर सांगितलीस, पुन्हा असं होणार नाही.

"चुकलं नाही तर लिहू कसं?"

"नुसतं लिहायचंय. कोण वाचणार आहे?"

"मी वाचलेलं असेल ना, सर."

तेव्हा त्याने नोटीस पुढे केली. मी तिथेच सही केली.

घरी मात्र सोपं नव्हतं. दादा ताटावरून उठला. त्या काळात नोकरी गेली की व्हिसा गेला. जुन्या मालकाने रिलीज दिला तरच दुसरीकडे लागता येई, नाहीतर सरळ घरी. "बाय, त्या तुझ्या कोण लागत होत्या?" दादा ओरडला. "मी तुला इथे आणायला कुणाकुणाचे पाय धरले, ठाऊक आहे? वसईला जाऊन सांगणार काय?"

"सांगेन की खोटं तिकीट लिहिलं नाही."

"दोन ओळींची माफी तर होती!"

"माझ्या नावाने होती, दादा."

वहिनीने दादाचं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "आता ओरडून रिलीज मिळणार आहे का? मिळेल तिथे जाऊया." दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून, युनिफॉर्म न बदलता, ती माझ्याबरोबर अरबाबकडे आली. मी म्हटलं, माफी मागायला लावणार असशील तर येऊ नकोस. ती म्हणाली, "गप्प चल."

अरबाबने रिलीजवर सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे. पण तू फार बोलतेस." मी त्याचे आभार मानले. ते खरेच मानले. सहीचे. बोलण्याबद्दल मी काही कबूल केलं नाही.

चाचांनी मला जुफैरला पाठवलं. तेव्हा जुफैर म्हणजे बैठी घरं, खजुरीच्या बागा आणि बंदराकडे जाणारे ट्रक. तिथे रायगडचा एक माणूस बंदरातला माल कस्टममधून सोडवायचं, क्लिअरिंगचं ऑफिस चालवत होता. पंख्याखाली, कागदांच्या ढिगामागे बसलेला. मला मराठीतच म्हणाला, "बसा. आधीची नोकरी का सोडलीत?"

दादाने बजावलं होतं, पगार कमी होता म्हणून सांग. मी खरं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर चष्मा काढून पुसला.

"माझ्याकडे असं कराल?"

"तशी वेळ आणलीत तर करीन."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. हसला नाही, रागावलाही नाही. "टायपिंग येतं?"

"येतं."

"मग शनिवारपासून या."

त्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. माणूस वाईट नव्हता, पण धंदा धंदा होता. तशी वेळ त्याने पुढे आणलीच, एकदा नाही, दोनदा: मालाची किंमत कमी दाखवणारा खोटा कागद टाईप करायला सांगितला. दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. पहिल्यांदा त्याने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्यांदा कागद परत घेतला आणि म्हणाला, "विचारायचं काम होतं, विचारलं."